आमच्या हिरवळीखालचे पाणी

आमच्या सोसायटीच्या कचेरीत काचेचे एक कपाट आहे आणि त्या कपाटात एक चषक आहे. २०१८ साली शहरातल्या एका उद्यानस्पर्धेत तो आम्हांला मिळाला. बागसमितीचा प्रमुख तेव्हा मी होतो, आणि आजही मीच आहे. फरक इतकाच, की त्या वेळी मी आल्यागेल्याला हाताला धरून कपाटापाशी नेत असे. आता कोणी आपण होऊन तिकडे वळलेच, तर मी त्याला चहा निवत असल्याची आठवण करून देतो.

पस्तीस वर्षे बँकेत आकडेमोड करून मी निवृत्त झालो. पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या उतारावर आमची वसाहत. माझ्यासारख्या माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी हिशेब ठेवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, म्हणून मंडळींनी बाग माझ्या गळ्यात घातली. मी ती आनंदाने घालून घेतली. लहानपण वाड्यात गेलेले. तिथे बाग म्हणजे तुळशीवृंदावन, एक पारिजातक आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले अळू नि केळ. आता एकदम दहा हजार चौरस फुटांची सपाट, तुकतुकीत हिरवळ हाती आली. विलायती गवताची, ज्याला माळी 'कार्पेट' म्हणतात तिची. सकाळी तिच्याकडे पाहून मला एखाद्या जहागिरदारासारखे वाटे.

आणि ती हिरवळ तशी राखायला लागते तरी काय? आमचे माळीबाबा सांगत, "साहेब, पाणी आणि युरिया. बाकी समदं देवाच्या हातात." त्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ बोअरचे पाणी सुटे आणि महिन्या-दीड महिन्याने युरियाची मूठ फिरे. वर्षाकाठी सहा गोण्या लागत. मध्येच लव्हाळा किंवा हरळी डोके वर काढी. तिच्यावर तणनाशकाचा फवारा. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा आमचे गवत हिरवेगार असे आणि शेजारच्या वसाहतीतली माणसे कुंपणापाशी थबकून पाहत. चषक मिळाला तो काही उगीच नव्हे.

२०१९ साली मी आणखी एक पराक्रम केला. सगळीकडे पाणी जिरवण्याची चर्चा चालली होती आणि आमच्या बोअरचे पाणी उन्हाळ्यात खोल जाऊ लागले होते. मी म्हटले, एवढ्या मोठ्या हिरवळीवरचे पावसाचे पाणी गटारात जाते, ते बोअरलाच का देऊ नये? हिरवळीच्या उताराला एक चर खणला, त्याच्या टोकाला खड्डा केला, त्यात खडी भरली आणि खालून एक नळी थेट बोअरमध्ये सोडली. पहिल्याच पावसात पाणी गडगडत आत गेले. मी छत्री घेऊन तो सोहळा पाहत उभा होतो. सर्वसाधारण सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. अनुमोदन कोणी द्यावे यावरून दोघांत थोडी चुरसही झाली.

बोअरचे पाणी आम्ही पीत नव्हतो, हे सांगितले पाहिजे. घराघरांत महापालिकेचे पाणी. बोअर ती बागेला, गाड्या धुवायला आणि संडासांना. 'आम्ही' पीत नव्हतो, असे मी लिहिले खरे. पण त्या शब्दातच सगळी गोष्ट आहे.

फाटकाशी आमच्या रखवालदाराची चौकी. चौकीला लागून एक खोली, त्यात तो, त्याची बायको आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये जन्मलेली त्यांची मुलगी. मराठवाड्यातून पोटासाठी आलेले कुटुंब. त्या खोलीत जो नळ होता तो बागेच्या वाहिनीवरचा होता. पालिकेची जोडणी तिथपर्यंत नेण्याचा विषय दोन सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर येऊन गेला होता, खर्चाचे कारण सांगून पुढे ढकलला गेला होता, आणि ढकलणाऱ्यांत मीही होतो. रखवालदाराने एकदा विचारले होते, "साहेब, हे पाणी प्यायला चालंल का?" मी म्हटले होते, "अरे, खोल बोअरचं पाणी, स्वच्छ असतं. फार तर उकळून घ्या."

त्या जून महिन्यात माझी भाची आमच्याकडे आली होती. ती बालरोगतज्ज्ञ आहे. फाटकातून आत येताना तिने त्या बाईला हाक मारून बाळ पाहायला मागितले. दोन महिन्यांचे बाळ. ताप नाही, खोकला नाही, रडतही नव्हते फारसे. पण भाचीने त्याला उजेडात नेले, ओठ पाहिले, नखे पाहिली, आणि तिचा आवाज बदलला.

"बाई, हिला अंगावरचं पाजता ना?"

"न्हाई ताई. बाळंतपणात मला लई ताप आला, दूध आटलं. डब्यातली पावडर देतो."

"कुठल्या पाण्यात कालवता?"

"ह्याच नळाच्या. पर उकळून घेतो हां ताई. काकांनी सांगितलंय. चांगलं निम्मं हुईस्तवर उकळते मी."

भाचीने तिथूनच गाडी काढायला लावली. रुग्णालयात बाळाचे रक्त काढले, तेव्हा ते लाल नव्हते. कोकोच्या रंगाचे, तपकिरी होते. मी तिथे होतो. ती नळी मी पाहिली. एवढ्याशा हाताच्या शिरेतून मेथिलिन ब्ल्यू नावाचे औषध दिले. निळे पडलेल्या बाळावर निळ्याच रंगाचे औषध, हा योगायोग मला पुढे कितीतरी दिवस झोपू देईना. दोन दिवसांत बाळ गुलाबी झाले. आई पदरात तोंड खुपसून रडली, आणि नंतर, काय सांगू, माझ्या पाया पडायला आली. गाडी माझी होती ना!

रात्री भाचीने मला समोर बसवून समजावून सांगितले. पाण्यात नायट्रेट नावाचा क्षार वाढला, की तान्ह्या मुलाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते. मग ते प्राणवायू वाहून नेईना. मूल आतल्या आत गुदमरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका सर्वांत मोठा. त्यात जुलाब झाले असतील तर अधिकच. मोठ्यांना लगेच काही होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याचा आणि या निळेपणाचा संबंध प्रथम दाखवला. तीही शेतवाडीवरची, बाटलीच्या दुधावरची मुले होती.

"आणि उकळणं?" मी विचारले.

"मामा, उकळल्याने जंतू मरतात. क्षार कुठे जातो? पाणी आटतं आणि क्षार तेवढाच राहतो. निम्मं आटवलं, तर दुप्पट."

मी काही बोललो नाही. आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "आता झोपा दोघं." पण त्यांच्याही खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता.

दुसऱ्या दिवशी चौकीत पिण्याचे पाणी आमच्या घरून जाऊ लागले आणि बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. आमचे निघाले ११२.

आता हे आले कुठून? माझा पहिला विचार, कोणाही भल्या माणसाचा असतो तसाच, शेजाऱ्यांवर गेला. त्यांच्या मैलापाण्याची टाकी फुटली असेल! भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा या सरकारी खात्याचे मुख्यालय पुण्यातच आहे. तिथून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या फिरायच्या मंडळींत आहेत. त्यांना मी घरी बोलावले. त्यांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "शंका रास्त आहे. शहरात बहुतेक वेळा दोष सांडपाण्याचाच असतो. पण मग क्लोराइड वाढलं असतं, मैल्याचे जंतू सापडले असते. तुमच्याकडे दोन्ही नाहीत. चला, बाग दाखवा."

बाग पाहून कोणी तरी गंभीर होतो आहे, असा तो पहिलाच प्रसंग. ते हिरवळीच्या कडेला बसले, खुरप्याने वीतभर माती उकरली. खाली मुरूम लागला.

"ही तांबडी माती बाहेरून आणलेली. तिच्याखाली मुरूम, त्याखाली फुटका काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वाळूच्या प्रदेशात पाणी कणाकणातून झिरपत हळूहळू खाली जातं, वाटेत थोडंफार गाळलं जातं. आपल्या दख्खनच्या पाषाणात ते भेगांतून आणि सांध्यांतून पळतं. वर आज काही ओतलंत, ते खाली पोहोचायला फार दिवस नकोत. आणि साठाही थोडा. मोठा समुद्र नाही खाली, बरं का. फडताळातल्या कळशा आहेत. एक नासली, की कळतं."

मग त्यांनी माझा आवडता विषय काढला, म्हणजे हिशेब. वहीत मांडलेला तो हिशेब मी इथे देतो, कारण माझ्यासारखे हिरवळप्रेमी पुष्कळ असतील.

भर उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी पुरते. आमच्या हिरवळीचे क्षेत्र सुमारे ९३० चौरस मीटर. म्हणजे रोज ४,६५० लिटर. आमचा पंप दोन्ही वेळा मिळून देत होता सुमारे १२,००० लिटर. उरलेले सात हजारांहून अधिक लिटर कुठे जात होते? गवताची मुळे ओलांडून खाली. आणि रिकाम्या हाताने जात नव्हते. युरियात शेकडा ४६ भाग नत्र. मातीतले सूक्ष्म जीव थोड्याच दिवसांत त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला मातीचा कण धरून ठेवीत नाही. ते पाण्याबरोबर वाटेला लागते. ४५ किलोच्या एका गोणीतले सगळे नत्र नायट्रेट झाले, तर ते होते सुमारे ९२ किलो. एवढ्याने वीस लाख लिटर निर्मळ पाणी ४५ च्या मर्यादेला जाऊन टेकते. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर! बरेचसे गवत खाते, हे खरे. पण दहावा हिस्सा निसटला म्हटले, तरी गोणीमागे वीस टँकर. आमच्या सहा गोण्या होत्या.

"आणि हा तुमचा खड्डा," ते गृहस्थ उठता उठता म्हणाले, "हा म्हणजे कळस. जे गवताच्या मुळांनी आणि मातीने थोडंतरी अडवलं असतं, त्याला तुम्ही सरळ जिना करून दिलात. शिवाय तणनाशकसुद्धा."

अभिनंदनाचा ठराव मला आठवला.

खड्डा बुजवायला एक दिवस लागला. हिरवळीचा प्रश्न सुटायला सात महिने लागले. त्यांतले सहा सभांमध्ये गेले. "फ्लॅटचे भाव उतरतील," एक गृहस्थ म्हणाले. "बाळ बरं झालं ना आता? मग नळ जोडून द्या आणि मिटवा," दुसरे म्हणाले. नळ आम्ही पंधरा दिवसांत जोडून दिला, हे खरे. जो खर्च दोन वर्षे परवडत नव्हता तो एका हिरवळ-यंत्राच्या किमतीपेक्षा कमी निघाला. पण उताराच्या खाली एक जुनी वस्ती आहे, तिथे अजून हातपंप आहे, आणि आमच्या कुंपणाची भिंत जमिनीखाली जात नाही, हे मी नकाशा काढून दाखवले. शेवटी कोणाच्या मनावर नकाशाने परिणाम झाला, कोणाच्या मनावर वीजबिलाने. काहीही असो, ठराव झाला.

हिरवळ आम्ही एक तृतीयांशावर आणली. मुले जिथे खेळतात तेवढीच ठेवली. कोणी पाऊल टाकायचे नाही अशी जी शोभेची होती ती काढली. तिच्या जागी अडुळसा, तगर, जास्वंद, कण्हेर, दोन बहावे आणि उताराच्या कडेने कर्दळीची दाट रांग. कर्दळ सुचवली आमच्या सौभाग्यवतींनी. "न्हाणीच्या पाण्यावर आपल्याकडे अळू, केळ, कर्दळ उगीच लावीत होते का?" त्या म्हणाल्या. ते भूजलवाले गृहस्थ खूश झाले. सांडपाण्यातले नत्र ही झाडे अधाशासारखी खातात. आता इंजिनियर लोक मुद्दाम अशा वनस्पतींचे वाफे पाण्याच्या वाटेत करतात, असे त्यांनी सांगितले. मी वाड्यात वाढलो, अळूची फदफदी शेकडो वेळा खाल्ली, पण ती झाडे तिथेच का असतात हे कधी विचारले नव्हते.

पाणी आता उन्हाळ्यात तीन दिवसांआड, पहाटे. किती द्यायचे हे मोजायला हिरवळीवर श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवतो. कारंजे फिरता फिरता डब्यात ठरल्याइतके पाणी साठले, की पंप बंद. पावसाळ्यात पंपाला कुलूप. कापलेले गवत पूर्वी आम्ही पोत्यांत भरून बाहेर टाकत असू आणि मग त्याची भरपाई म्हणून युरिया घालीत असू. हा व्यवहार बँकेत कोणी केला असता तर मी त्याला कामावरून काढले असते. आता कापलेले गवत तिथेच पसरते. वर्षातून दोनदा चाळलेले कंपोस्ट, तेही पातळ हाताने आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर कधीच नाही. सेंद्रिय म्हटले की कितीही घाला, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. नत्र ते नत्रच, शेणखतातून आले तरी जास्त झालेले खालीच जाते. मोठ्या वसाहतींत शुद्ध केलेले सांडपाणी बागेला देतात, त्यातही नत्र असते; तिथे वर आणखी खत घालणे म्हणजे जेवलेल्याला पुन्हा पंगतीला बसवणे.

बोअरचे तोंड पूर्वी हिरवळीच्या पातळीलाच होते, वर लोखंडी झाकण, तेही तिरके. आता त्याची नळी फूटभर वर काढली आहे, भोवती सिमेंटचा उतरता ओटा आहे. पुनर्भरण बंद केले नाही. पण आता जाते ते फक्त गच्चीचे पाणी, पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडून, वाळू-खडीतून गाळून. बागेच्या पाण्याला त्या वाटेने मज्जाव.

माळीबाबांची समजूत घालणे सर्वांत अवघड गेले. फवाऱ्याचा पंप मी काढून घेतला तेव्हा ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खुरप्याने लव्हाळा काढायचा म्हणजे कंबरेचे काम. मग आम्ही त्यांना जोडीला एक माणूस दिला आणि मीही रविवारी तासभर बसू लागलो. साठी उलटलेल्या माणसाला लव्हाळ्याची गाठ मुळासकट निघाल्यावर जो आनंद होतो, त्याचे वर्णन मी करीत नाही, करून पाहावे.

माझा पुतण्या न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहतो. त्याला फोनवर हे सांगत होतो तर तो म्हणाला, "काका, आमच्या सफोक परगण्यात यावर कायदाच आहे. २००७ सालचा." त्या परगण्यात पिण्याचे पाणी सारे जमिनीखालूनच येते. म्हणून १ नोव्हेंबरपासून १ एप्रिलपर्यंत, गवत थंडीने झोपलेले असताना, हिरवळीला खत घातले तर दंड. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही. आपल्याकडे आषाढ आहे. आषाढातल्या धो धो पावसात खत फेकणारे माळी मला हल्ली रस्त्यावरून जातानाही दिसतात, आणि मी आत जाऊन बोलल्याशिवाय राहत नाही. एकदोन ठिकाणी मला फाटकाबाहेर घालवले आहे.

पाणी दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासतो. २०२३ साली ७४ निघाले. २०२४ साली ५१. मर्यादेच्या वरच; मी खट्टू झालो. भूजलवाले म्हणाले, "चार-पाच वर्षं ओतलंत, दोन वर्षांत कसं धुऊन निघेल? कळशा हळूहळू बदलतात." यंदाचा अहवाल नवरात्रात आला: ३८. मी तो चौकीत नेऊन दाखवला. रखवालदाराने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "म्हणजे आता प्यायचं का साहेब?" मी म्हटले, "नाही. पालिकेचंच प्या." या एका बाबतीत मी आता पटकन उत्तर देत नाही, आणि दिले तर 'नाही' असेच देतो.

त्याची मुलगी आता बालवाडीत जाते. गणपतीच्या आदल्या दिवशी ती आणि माळीबाबा पूर्वी जिथे शोभेची हिरवळ होती त्या कोपऱ्यात बसले होते. तिथे कार्पेट गेल्यावर आपली हरळी आपोआप आली आहे. जिच्यावर मी वर्षानुवर्षे फवारा मारायला लावला तीच. माळीबाबा तीन पात्यांची टोके खुडत होते आणि ती पोर मोजत होती. सतरानंतर तिची गाडी थेट एकविसावर जाई. इतकी वर्षे आमच्या बायका दूर्वा मंडईतून आणत, आवारातल्या नकोत, औषध मारलेले असते म्हणत. यंदा एकवीस जुड्या आवारातल्याच झाल्या. काहींत अठराच दूर्वा होत्या.